दोन चाकू, एक टेबल: ‘१२ अँग्री मेन’ची ब्लू-रे

खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवायला बसलेल्या बारा सामान्य नागरिकांपैकी, म्हणजे ज्यूरीपैकी, चार नंबरचा ज्यूरर खटल्यातला चाकू टेबलात खुपसतो. थोड्याच वेळात आठ नंबर, म्हणजे नट हेन्री फोंडा, खिशातून हुबेहूब तसाच दुसरा चाकू काढून त्याच्या शेजारी रोवतो. इथे आमच्या वकीलसाहेबांनी रिमोट मागितला. “थांबवा भाऊसाहेब. ह्याला बाहेरून वस्तू आणायची परवानगी दिली कोणी?”

मला मात्र वेगळीच धास्ती. सत्र न्यायालयात मी सव्वीस वर्षं काढली, त्यातली सहा मुद्देमाल खोलीत. लाखेचं सील, सुतळी, पंचांच्या सह्यांचं लेबल. सील फुटायचं ते कोर्टासमोर, आणि आरोपीचे वकील सुतळीच्या गाठीपर्यंत सगळं निरखून बघायचे. असे दोन सारखे चाकू शेजारी उभे दिसले की माझ्या पोटात गोळाच येतो. अदलाबदल झाली तर जबाब कोण देणार? कारकूनच ना!

ही डिस्क भाच्याने अमेरिकेतून आणली. क्रायटेरियन ह्या अमेरिकन कंपनीची, २०११ ची आवृत्ती. आणली खरी, पण आमच्या प्लेअरमध्ये टाकली तर पडदा काळाच. ब्लू-रे डिस्कसाठी जगाचे विभाग पाडलेले असतात, एका विभागाची डिस्क दुसऱ्याच्या प्लेअरवर चालत नाही. ही ‘ए’ विभागाची आणि भारत ‘सी’मध्ये. खोक्याच्या मागे ते लिहिलेलं असतं, आम्ही दोघांनी वाचलं नाही एवढंच. तीन महिने ती कपाटात पडून होती. मग सगळ्या विभागांच्या डिस्क चालणारा मल्टिरीजन प्लेअर घेतला तेव्हा कुठे मुहूर्त लागला.

चित्रपट ९६ मिनिटांचा, १९५७ चा, कृष्णधवल. दिग्दर्शक सिडनी लुमेट यांचा हा पहिलाच. बाप मारल्याचा आरोप असलेला पोरगा, आणि उकाड्यात एका खोलीत कोंडलेले बारा जण. गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, आमच्या सौ. पाच मिनिटांत म्हणाल्या, “अहो, हे तर पंकज कपूरचं!” बरोबर आहे, ‘एक रुका हुआ फ़ैसला’ ह्यावरूनच घेतलेला. गंमत म्हणजे तो १९८६ चा, आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतून ज्यूरी तेव्हा केव्हाच गेलेली होती. नसलेल्या ज्यूरीचा चित्रपट आपण डोळे न मिटता पाहिला.

डिस्कवर पैसे खर्च करायचे ते मुख्य चित्रपटापेक्षाही जोडीला दिलेल्या मूळ टीव्ही नाटकासाठी, असं माझं मत. त्याचे लेखक रेजिनल्ड रोझ १९५४ मध्ये न्यूयॉर्कला मनुष्यवधाच्या एका खटल्यात स्वतः ज्यूरर होते. बंद खोलीत आठ तास कडाक्याचं भांडण झालं, त्यातून त्यांनी हे लिहिलं आणि त्याच वर्षी २० सप्टेंबरला ते सीबीएस ह्या अमेरिकन वाहिनीवर थेट सादर झालं. त्याचं पूर्ण चित्रण बरीच वर्षं हरवलेलं होतं. २००३ मध्ये ते सापडलं, आणि सापडलं कुठे, तर सॅम्युएल लीबोविट्झ ह्या नावाजलेल्या फौजदारी वकिलाच्या, पुढे न्यायाधीश झालेल्या माणसाच्या घरी. हे ऐकून वकीलसाहेब जाम खूश. चित्र धुरकट आहे, आवाज मधूनच खोल जातो, पण दोन्ही लागोपाठ बघा. म्हातारा नऊ नंबर आणि परदेशातून आलेला अकरा नंबर दोन्हीकडे तेच नट आहेत: जोसेफ स्वीनी आणि जॉर्ज वॉस्कोवेक. टीव्हीवर सगळं घाईत उरकतं. चित्रपटात लुमेट दम काढतात.

आता वकीलसाहेबांच्या हरकतीकडे. हरकत रास्त आहे. पुराव्यात न आलेली वस्तू ज्यूररने गल्लीतल्या दुकानातून विकत आणली, उलटतपासणी नाही, काही नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर ह्यांचा हा आवडता चित्रपट, आणि तरी खालच्या कोर्टात असताना त्या ज्यूरींना बजावत, की त्यात केलंय तसं करू नका. म्हणजे ज्या प्रसंगाला प्रेक्षक टाळ्या वाजवतात, तोच कोर्टात सगळ्यात कच्चा. पण म्हातारा साक्षीदार पंधरा सेकंदांत दारापर्यंत पोचला म्हणतो आणि हे लोक घराच्या नकाशावरून लंगडत चालून एक्केचाळीस सेकंद मोजतात, तिथे साहेब गप्प. “हे बचावाच्या वकिलाने करायला हवं होतं,” एवढंच पुटपुटले. चित्रपटाचं दुखणं तेच आहे: वकिलाने जे विचारायचं, ते ज्यूरीला विचारावं लागतंय.

फोंडा पोरगा निर्दोष आहे असं शेवटपर्यंत म्हणत नाही. संशयाला वाजवी कारण आहे, इतकंच त्याचं म्हणणं. सुटलेल्या आरोपीला पेढे वाटताना मी बरेचदा पाहिलंय. निकालपत्रात मात्र ‘संशयाचा फायदा’ असतो.

दुसरी गोष्ट एकमताची. तिथे दोषी ठरवायलाही बारा हवेत, सोडायलाही बारा. नाही जमलं तर खटला पुन्हा नव्या ज्यूरीपुढे चालवता येतो. म्हणून एक माणूस अकरांना अडवून धरू शकतो. आपल्याकडे नानावटी ह्या नौदल अधिकाऱ्यावरच्या खुनाच्या गाजलेल्या खटल्यात १९५९ मध्ये मुंबईच्या ज्यूरीत नऊ जण होते, आठ विरुद्ध एक असा निर्दोषचा कौल आला. न्यायाधीशांना तो पटला नाही, त्यांनी जुन्या संहितेच्या कलम ३०७ खाली प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती १९६१ मध्ये कायम केली. अमेरिकेत ज्यूरीने सोडलं की सरकारला अपील नाही. फोंडाची खोली आपल्याकडे बांधली असती तर तिला वरून एक खिडकी ठेवावी लागली असती.

चित्राच्या स्वच्छतेला पूर्ण गुण. चार नंबर सुरुवातीला सांगतो, मला घाम येतच नाही. पुढे आदल्या आठवड्यात पाहिलेल्या चित्रपटांची नावं विचारून त्याला कोंडीत पकडतात, तेव्हा कपाळावर ओल चमकते. ह्याआधी मोबाइलवर पाहिलं तेव्हा ती मला दिसलीच नव्हती. कॅमेराही आधी डोळ्यांच्या वरून बघतो, मग सरळ, शेवटी खालून, त्यामुळे छत अंगावर येतं. कारण कळत नाही, पण कॉलर सैल करावीशी वाटते. इंग्रजी सबटायटल्स आहेत, वाद चढला की लागतातच.

डिस्क सध्या माझ्याकडे नाही. ज्युनिअर पोरांना दाखवतो म्हणून वकीलसाहेब घेऊन गेले. मी कागदावर रीतसर सुपूर्तनामा लिहून सही घेतली, ‘मागाल तेव्हा हजर करीन’ अशा शब्दांत. दोनदा मागून झालंय.