आडसाली लागणीआधी काय गाडायचं: ताग की धैंचा?

रान मोकळं आहे, उसाच्या आडसाली (जुलै-ऑगस्टमधल्या) लागणीला अजून दोन-अडीच महिने आहेत, हिरवळीचं खत (हिरवं पीक वाढवून रानातच गाडायचं) करायचं पक्कं झालंय आणि फक्त ताग (आमच्याकडे बोरू) की धैंचा एवढ्यावर अडलंय, अशांसाठी हे लिहितोय. मी दोन्ही केलेत. आधी चार वर्षं ताग, नंतर तीन वर्षं धैंचा. वाळवा तालुक्यातली भारी काळी जमीन आहे आमची.

नत्राच्या हिशेबात फार शिरू नका. ४५ किलोच्या युरियाच्या पोत्यात साधारण २० किलो नत्र असतं. पीक चांगलं आलं तर ताग काय नि धैंचा काय, एकरी एक-दीड पोत्याएवढं देऊन जातात. रान भुसभुशीत होतं, ते दोन्हींनी होतं. तिथं निवड करण्यासारखं काही नाही.

ताग वाढीला उजवा, यात वाद नाही. चार-पाच दिवसांत रान हिरवं, महिन्याभरात कमरेला. एकरी २५ किलो बी दाट पडलं की खाली ऊन पोचत नाही आणि बारीकसारीक तण उठतच नाही. हरळीला मात्र तो पुरा पडत नाही. रानात सूत्रकृमींचा (मुळांना लागणाऱ्या बारीक कृमींचा) त्रास असेल, पुढं हळद किंवा भाजीपाला घ्यायचा असेल, तर तागाचं पारडं जड आहे. कोवळा गाडला तर दोन-तीन आठवड्यांत कुजतो.

धैंच्याची सुरुवात कंटाळवाणी. बियाचं कवच टणक. रात्रभर भिजवलं नाही तर निम्मं लगेच उगवतं, निम्मं मागाहून, आणि काही थेट उसाच्या सरीत डोकं काढतं. पहिले तीन आठवडे तर पीक जागचं हलत नाही असं वाटतं. तेव्हा एक रोप मुळासकट उपटून बघा. मुळांवर गाठी दिसतील. एखादी नखानं फोडा. आत गुलाबी-लाल रंग असेल तर हवेतलं नत्र धरायचं काम सुरू आहे, निर्धास्त राहा. पुढं पाऊस लागला की तो असा उसळतो की मागचं सगळं भरून निघतं.

आता मला ताग सोडायला लावणारी गोष्ट सांगतो. हिरवळीचं पीक फुलावर येताना, म्हणजे ४५-५० व्या दिवशी गाडायचं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मेच्या शेवटी पेरलेल्या पिकाचा तो दिवस ऐन जुलैच्या मध्यात येतो, आणि तेव्हा आमच्या काळ्या रानात वाफसा (मशागत करता येईल एवढीच ओल) कुठला? तागाच्या शेवटच्या वर्षी तीन आठवडे झड उघडली नाही. ट्रॅक्टर आत घालता आला तेव्हा ताग डोक्याच्या वर गेलेला, पिवळी फुलं गळून घाटे धरलेले. भाड्यानं रोटर (ट्रॅक्टरमागचा फिरत्या पात्यांचा रोटाव्हेटर) लावला. दुसऱ्याच तासाला घरघर बदलली आणि मशीन थांबलं. खाली वाकून बघतो तर पात्यांच्या मधे मनगटाएवढा पीळ बसलेला, ओला, दाव्यासारखा चिवट. शेवटी तागाचीच दोरी वळतात, तो तुटणार कसा! ड्रायव्हर एका बाजूनं, मी दुसऱ्या बाजूनं, विळ्यानं कापत बसलो. अर्धा तास त्यात गेला, चार चकरा झाल्या की पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत निम्मा एकरसुद्धा झाला नाही, आणि दुसऱ्या दिवशी तो ड्रायव्हर आलाच नाही. त्याला दोष देत नाही. उरलेला ताग बाया लावून कापला, सरीत अंथरला आणि लागण पुढं ढकलली.

धैंचाही वेळेवर न गाडल्यास निबर होतो, कुजायला जास्त दिवस घेतो, हे खरं. पण माझ्या अनुभवात तो कटकन मोडतो, पात्यांना गुंडाळत नाही. साठाव्या दिवशी आधी फळी मारून आडवा पाडला आणि मग रोटर घातला, एकदाही थांबावं लागलं नाही. शिवाय रानात पाणी साचलं तरी धैंचा तगतो. ताग दोन दिवस पाण्यात राहिला की पिवळा पडतो. कृष्णाकाठच्या चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेल्या) आणि क्षारपड जमिनींना धैंचाच सांगतात तो यामुळे आणि तो खारटपणा सोसतो म्हणून, अर्थात तिथं निचऱ्याचे चर आणि जिप्सम याला पर्याय नाही.

तुमची जमीन हलकी असेल, ट्रॅक्टर घरचा असेल, रोटरऐवजी पलटी नांगरानं गाडणार असाल, तर माझी अडचण तुम्हाला कदाचित येणारही नाही. मग तागच घ्या, लवकर मोकळे व्हाल. आमच्याही माळाकडच्या मुरमाड तुकड्यात यंदा तागच टाकणार आहे, तिथं पाऊस थांबल्यावर तिसऱ्या दिवशी नांगर चालतो. खालच्या काळ्या रानासाठी धैंच्याचं बी आणून ठेवलंय, पेरायच्या आदल्या रात्री भिजत घालायचं तेवढं राहिलंय.