दोन पातळ्यांची झोपायची खोली: पलंग वर की खाली?

ज्यांच्या झोपायच्या खोलीची जमीन मध्येच एक टप्पा घेते, त्यांच्यासमोर बहुधा तीन मार्ग असतात. पलंग वरच्या भागात ठेवावा, तो खालच्या भागात ठेवावा, किंवा भराव घालून सगळी जमीनच एकसारखी करून घ्यावी. पहिल्या मार्गाने आम्ही साडेतीन वर्षे काढली, दुसऱ्याने आता पाचवे वर्ष चालू आहे, आणि तिसऱ्याचा हिशेब कागदावर मांडून, मिस्त्रींना दोनदा घरी बोलावून, शेवटी सोडून दिला. पुढे लिहिलेले सगळे एका घरातल्या अनुभवावर बेतलेले आहे, याची वाचकांनी नोंद ठेवावी.

आमचे घर सोलापुरातल्या जुन्या वस्तीत आहे. मूळची खोली जोत्यावर होती आणि तिच्यामागे परसाकडची पडवी. माळवद, म्हणजे जुने मातीचे सपाट छत, काढून स्लॅब टाकायची वेळ आली तेव्हा मधली भिंत पाडून दोन्हींवर एकाच पातळीत छत घेतले, जमिनीकडे मात्र कोणाचेच लक्ष गेले नाही. त्यामुळे आज एकवीस फूट लांब आणि तेरा फूट रुंद अशी ऐसपैस खोली आहे, परंतु तिचा नऊ फुटांचा भाग वर आणि बारा फुटांचा भाग खाली आहे, आणि मध्ये अकरा इंचांची पायरी आहे. हे अकरा इंच मोठे अडनिडे माप आहे. राष्ट्रीय बांधकाम संहितेत घरातल्या जिन्याच्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंचांच्या आसपास धरलेली आहे. म्हणजे एका पायरीसाठी ही उंची फार, आणि दोन पायऱ्या कराव्यात तर साडेपाच इंचांची एकेक, जी चढताना सोपी वाटते पण खोलीतली फूटभर जागा खाते.

प्रथम तिसरा मार्ग, कारण घरी येणारा प्रत्येक जण तोच सुचवतो. खालचा भाग भरून काढायचा तर १५६ चौरस फुटांवर अकरा इंच भराव लागतो, म्हणजे दाबून बसवलेला मुरूम जवळजवळ दीड ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). पैशांपेक्षा त्याचे परिणाम मला अधिक खटकले. परसाचे दार उंबऱ्यापासून साडेसहा फूट मोकळे आहे, ते पाच फूट सात इंचांवर येणार, म्हणजे माझ्या उंचीच्या माणसाचे डोके चौकटीला टेकणार. अडीच फुटांवर असलेली खिडकी दीड फुटाच्या थोडी वर येऊन लहान मुलांच्या पायाखाली येणार. दार आणि खिडकी दोन्ही उचलून घ्यायची म्हटली की काम फरशीचे राहत नाही, घर पुन्हा बांधायला काढल्यासारखे होते. शिवाय आपल्याकडची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा मुरूम थराथराने, पाणी मारून आणि धुमस करून बसवला नाही, तर एकदोन पावसाळ्यांत फरशी खाली बसते. आमच्या एका नातेवाइकांनी घाईत हे काम करून घेतले होते; त्यांच्या खोलीत काही फरश्यांवर पाय ठेवला की अजूनही पोकळ आवाज येतो. ज्यांची अशी खोली वरच्या मजल्यावर आहे, त्यांनी तर मुरमाचा विचारही अभियंत्याला विचारल्याशिवाय करू नये. राहत्या घराच्या मजल्यावर माणसे आणि सामान मिळून दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरलेला असतो, आणि अकरा इंचांचा मुरूम एकटाच त्याच्या दुपटीच्या वर जातो. लोखंडी सांगाड्यावर फळ्या टाकून पोकळ मंच करणे हा हलका उपाय आहे, त्याखाली सामानही राहते, मात्र दाराखिडकीची अडचण तशीच राहते आणि तळमजल्यावर वाळवीची धास्ती वाढते.

आता खरी तुलना.

पलंग वरच्या भागात ठेवणे हे दिसायला निःसंशय सुंदर आहे. परसाच्या दारातून आत आले की समोर उंचावर, एखाद्या रंगमंचावर ठेवावा तसा पलंग दिसतो. त्यावर जेकार्ड चादर अंथरलेली, मागच्या भिंतीवर इथलेच विणलेले एखादे चित्र, खाली बैठक, सतरंजी, दोन खुर्च्या. पाहुण्यांनी खोलीचे कौतुक केले नाही असे फारसे झाले नाही. वरचा भाग मूळ जोत्यावर असल्याने कोरडा असतो, परसाकडून येणारी धूळ आणि मुंग्या पायरीखालीच बऱ्याचशा थांबतात, आणि झोपायची जागा बसायच्या जागेपासून पडदा न लावताही वेगळी वाटते. खोलीचा उपयोग मुख्यतः लोकांना दाखवण्यासाठी असता, तर हा लेख इथेच संपला असता.

उंचीची अडचण मात्र तिथेही आहे. छत एकाच पातळीत असल्याने खालच्या भागात ते दहा फुटांवर आहे आणि वर नऊ फूट एक इंचावर. गादीसह पलंग बावीस इंचांचा धरला आणि पंख्याची पाती छतापासून फूटभर खाली धरली, तर पलंगावर उभ्या माणसाच्या पायापासून पाती जेमतेम सव्वासहा फुटांवर फिरतात. मच्छरदाणी बांधताना हात वर जातो, तेव्हा हा हिशेब कागदावर राहत नाही. आम्ही पंखा बंद करूनच मच्छरदाणी बांधायची अशी शिस्त लावून घेतली होती आणि ती पाळलीही, परंतु उन्हाळ्यातल्या रात्री ती दोन मिनिटेसुद्धा कंटाळवाणी होत. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहतो आणि वर झोपले की आपण त्याच्या अकरा इंच जवळ असतो. याने कितीसा फरक पडतो हे मी मोजलेले नाही. मला तो जाणवत असे, पत्नीला जाणवत नसे.

लोक ज्या एका गोष्टीची भीती घालतात, ती म्हणजे रात्री पाणी प्यायला उठल्यावर पायरीवरून कोसळणे. साडेतीन वर्षांत ते एकदाही घडले नाही. रात्री माणूस सावध असतो, भिंतीला हात लावत चालतो, आणि पायरीच्या बाजूला एक लहानसा दिवा लावला की प्रश्न मिटतो. घडले ते भर सकाळी, लख्ख उजेडात, आणि एकदा नव्हे तर वरचेवर.

सोलापुरी चादर ज्यांनी झटकली आहे त्यांना सांगायला नको की ते काम जागेवर उभे राहून होत नाही. ती जड असते, तिचा झोल काढायला दोन्ही हातांत काठ धरून एक पाऊल मागे घ्यावे लागते, मग आणखी अर्धे. आमचा वरचा भाग नऊ फुटांचा. उशाकडची फळी धरून पलंग पावणेसात फुटांचा, म्हणजे पायथ्याशी सव्वादोन फूट जागा उरत असे. त्या सव्वादोन फुटांत उभे राहून, पाठ पायरीकडे, दोन्ही हात चादरीत आणि नजर समोर, अशा स्थितीत आम्ही दोघे रोज सकाळी बिछाना आवरत होतो. मागे घेतलेले ते अर्धे पाऊल कधीतरी हवेत पडत असे. अकरा इंच ही उंची फसवी आहे. साधी पायरी असती तर पाय सवयीने टेकला असता. इथे तो टेकेल असे वाटते त्याच्याही खाली जातो आणि कंबरेत सणक भरते. पहिल्यांदा मी हसण्यावारी नेले. दुसऱ्यांदा पत्नी चादरीसकट खाली बैठकीवर येऊन बसली, आणि “अहो, हा पलंग आहे की कडा?” एवढेच म्हणून तिने उरलेली घडी तिथेच घातली. तिसऱ्या वेळी माझा घोटा मुरगळला आणि आठ दिवस पट्टी बांधून फिरावे लागले.

यावर उपाय करून पाहिले नाहीत असे नाही. पलंग आडवा वळवून उसे बाजूच्या भिंतीला लावले. तेव्हा खोलीच्या नऊ फुटांत पलंगाची सहा फूट रुंदी बसली, पण एक बाजू भिंतीला चिकटवावी तर आतल्या माणसाला दुसऱ्याला ओलांडून उतरावे लागते, आणि मध्ये ठेवावा तर दोन्हीकडे दीडच फूट उरते आणि पायरी आता रोज पाय खाली सोडायच्या जागेशीच येते. कडेला लाकडी कठडाही लावून पाहिला. तो लावल्यावर वरचा भाग इस्पितळातल्या खाटेसारखा दिसू लागला आणि महिन्याभरात त्याचा टॉवेल वाळत घालण्यासाठी उपयोग होऊ लागला.

शेवटी पलंग खाली आणला. खालच्या बारा फुटांत बाहेरच्या भिंतीला उसे लावल्यावर पायथ्यापासून पायरीपर्यंत सव्वापाच फूट मोकळे मिळतात, त्यामुळे मागे सरकताना मुळात पायरीपर्यंत पोहोचायलाच होत नाही. पोहोचलो तरी आता ती पाठीमागे खाली जात नाही, वर चढते. टाच लागते आणि माणूस फार तर पायरीवर बसतो. एकच पायरी एका बाजूने खड्डा असते आणि दुसऱ्या बाजूने पाट, हे कळायला आम्हाला साडेतीन वर्षे लागली. पाट शब्द मुद्दाम वापरला, कारण कडेला पातळ गादी आणि दोन तक्के टाकल्यावर ती खरोखर बसायची जागा झाली. संध्याकाळी चहा तिथेच होतो. चढण्याउतरण्यासाठी भिंतीला लागून चार फूट लांबीची साडेपाच इंचांची एक मधली पायरी बांधून घेतली, आणि पत्नीच्या आई काठी टेकत तिच्यावरून सहज जातात. ती खोलीच्या मधोमध बांधू नये; मध्ये आली की तीच नवी अडखळण ठरते.

कूलरचेही इथेच जमते. तो परसाच्या खिडकीत आहे आणि आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात चांगले काम देतो. त्याचा झोत आता सरळ अंगावर येतो, पूर्वी तो बैठक गार करून दमत असे. जूनमध्ये हवेत ओलावा आला की त्याचा उपयोग संपतो, पण तेव्हा पंखा पुरतो, आणि तो आता पलंगापासून सुरक्षित उंचीवर आहे.

या मांडणीतही उणिवा आहेत आणि त्या लपवणे बरे नव्हे. सगळा केर उताराला लागतो. वरचा भाग झाडला की सुताचा भुगा आणि धूळ खाली येते आणि पलंगाखाली जाऊन बसते; म्हणून झाडणे आणि पुसणे वरून खाली याच क्रमाने करावे लागते, आणि पलंगाखाली झाडू सहज फिरेल इतके उंच पाय असलेलाच पलंग घ्यावा लागतो. खाली सामानाचे खण असलेला पेटीचा पलंग अशा खोलीत मी तरी सुचवणार नाही. पावसाळ्यात परसाकडच्या भिंतीला थोडी ओल धरते, म्हणून उसे भिंतीपासून तीन बोटे पुढे ठेवले आहे. कपाटे मात्र वरच्या कोरड्या भागातच राहू दिली, त्यामुळे कपड्यांसाठी दिवसातून दोनचारदा वर जावे लागते. याची मला सवय झाली, पत्नीला अजून पुरती झालेली नाही. कपाटाचे दार पायरीच्या कडेवर उघडणार नाही एवढे मात्र जरूर पाहावे, नाहीतर एक पाय वर आणि एक पाय खाली ठेवून सदरा शोधण्याची वेळ येते.

सजावटीबद्दल थोडक्यात. दोन भागांना दोन रंग देण्याचा मोह आम्हाला झाला होता आणि आम्ही तो पुरवलाही. खोली दोन तुकड्यांची दिसू लागली, म्हणून पुढच्या वेळी चारही भिंतींना एकच फिका रंग दिला. पडद्यांच्या दांड्या जमिनीपासून न मोजता छतापासून एकाच अंतरावर लावाव्यात, म्हणजे वरची रेघ खोलीभर सरळ जाते आणि खालची तफावत डोळ्यांत भरत नाही. चाटी गल्लीतून कापड घेताना लांब भागासाठी फूटभर जास्त घ्यावे लागले, इतकाच काय तो फरक. दोन्हीकडे शहाबादी फरशी असल्याने कड ओळखू येत नव्हती. तिच्यावर पांढऱ्या दगडाची चार इंची पट्टी, धार गोल करून, बसवून घेतली. पलंग कुठेही ठेवा, हे काम आधी करावे असे मला वाटते. सतरंजी कडेपर्यंत आणून पायरी झाकणे हे मात्र कितीही शोभिवंत दिसले तरी टाळावे.

पलंग हलवण्यापूर्वी आम्ही दहा रात्री खालच्या भागात जमिनीवर गाद्या टाकून झोपून पाहिले, तेव्हाच दिव्याचे बटण हाताशी नाही हे कळले आणि नवी जोडणी आधी करून घेता आली. आपण असे करून पाहाल तेव्हा बिछाना मात्र आवरता तसाच, चादर झटकून आवरावा. नुसते झोपून हा प्रश्न समजत नाही. आणि ज्यांच्या खोलीचा वरचा भाग बारा फूट किंवा त्याहून लांब आहे, म्हणजे पायथ्याशी चारपाच फूट निर्धास्त उरतात, त्यांनी माझे फारसे मनावर घेऊ नये. तेवढी जागा वर असती, तर कोरडी जमीन आणि ते देखणेपण सोडून आम्हीही पलंग खाली आणला नसता.