जुन्या जीपचे पाटे अन् स्टेअरिंगचा माल ऑनलाइन घेणार असाल तर आधी हे वाचा

मित्रांनो, लांबलचक होणारे पण जुनी जीप बांधायला काढली असंल तर पूर्ण वाचा. मला ज्याने फसवलं त्या माणसाचं नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे अजून.

गाडी म्हणजे महिंद्राची जुनी सीजे थ्रीबी, उंच बॉनेटवाली. मूळ पेट्रोल इंजिन कधीच गेलेलं, आधीच्या मालकाने डिझेल बसवलेलं. पुढचे पाटे (गाडीचं वजन पेलणाऱ्या, एकावर एक पट्ट्या रचलेल्या स्प्रिंगा) पार सपाट, अन् स्टेअरिंगला एवढा खेळ की चाक फिरवून चहा पिऊन यावं तवर टायर वळंल. आमच्या परभणी भागात काळी माती, वरून कितीबी डांबर टाका, पावसाळ्यात खालची माती फुगते उन्हाळ्यात भेगाळते अन् रस्ता वरखाली होऊन बसतो, त्यामुळे पुढचं काम दणकट पाहिजेच होतं.

संभाजीनगरातला एक जण फोनवर भेटला. बोलायला एकदम गोड. "भाऊ तुम्ही टेन्शनच घेऊ नका, नट बोल्ट टाईट करा अन् चालवा." पुढचे दोन्ही पाटे, म्हणे एसयूपी नाइन या स्प्रिंगच्या स्टीलचे, फॅक्टरीतून आत्ता निघालेले, सोबत लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसीला टांगणारी कडी), पॉवर स्टेअरिंगचा बॉक्स, ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, टाय रॉड एन्ड (स्टेअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारे दांडे अन् सांधे), सगळं मिळून ३८ हजार. २० आधी टाका, बाकी माल ट्रॅव्हल्सला चढवल्यावर. वर "एक पाटा जास्तीचा टाकलाय तुमच्यासाठी, फ्री." व्हिडिओ पाठवला, चकाचक लाल रंगाचा सेट.

आता बघा, या गड्याने एक शब्द विचारला नाही की इंजिन कोणतं, पुढं विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) आहे का, जाड बंपर आहे का, वर हूड कापडी का पत्र्याचा. पाटे बनवणारा खरा माणूस पहिले वजनच विचारतो, कारण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ७ मिमीच्या जागी ८ मिमी घातला की तोच पाटा जवळपास दीडपट कडक. त्यात एक जास्तीचा पाटा म्हणजे फुकटचा माल नाही, हाडं खिळखिळी करायची सोय आहे.

माल आला. पाटे बसवले, शॅकल बसवले, स्टेअरिंगचं काम पुढच्या आठवड्यावर ठेवलं (हे नशीबच म्हणायचं). जिंतूर रोडला काढली अन् ५० च्या पुढं गेल्यावर एका खड्ड्यात चाक गेलं की सगळा पुढचा भाग थडथड थडथड उडायला लागला, स्टेअरिंग हातात राहीना, ब्रेक मारून थांबवली तेव्हा बंद झालं. त्याला फोन केला तर "टायर बॅलन्स करून घ्या भाऊ." केलं. काही फरक नाही.

आमचे मिस्त्री चाचा जुने, विलीजच्या (मूळ अमेरिकन जीपच्या) काळापासूनचे. त्यांनी पहिले शॅकल धरले. या जीपला पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो, तिथं लांब शॅकल टाकला की ॲक्सल पुढं झुकतो अन् कॅस्टर, म्हणजे चाक आपोआप सरळ ठेवणारा मागचा कल, कमी होतो. जुन्या मॅन्युअलमध्ये कॅस्टर ३ डिग्री दिलाय, टो-इन (पुढची चाकं समोरून आत वळलेली असतात ते माप) १ ते अडीच मिमीच्या मधी. माझा कॅस्टर जवळपास गेलेलाच होता, मग चाकं सरळ राहणार कशी. लांब शॅकल घ्यायचाच असंल तर ॲक्सल अन् पाट्याच्या मधी पाचर घालावी लागते, हे विकणाराने सांगायला नको?

मग पाटे खाली काढले. लाल रंग वायर ब्रशने घासला तर आतून पिक्चर वेगळाच. पाट्याच्या खालच्या बाजूला आधीच्या दुसऱ्या पाट्याच्या टोकाने पाडलेली खाच, अन् ती खाच आत्ताच्या टोकाशी जुळतच नाही. म्हणजे वेगवेगळ्या गाड्यांचे जुने पाटे गोळा करून, थंडच ठोकून कमान दिलेली. असली कमान टिकत नाही, माझी एक बाजू तेवढ्यातच बसायलीही होती. पण खरी भीती पुढं होती. मेन (सगळ्यात वरच्या) पाट्याच्या टोकाला बुश बसतं ते गोल असतं ना, तिथं चाचांनी ग्राइंडर लावला अन् म्हणले, "ये जोडेला है बेटा." तुटलेलं गोल वेल्डिंगने जोडून, घासून, वर रंग. स्प्रिंगचं स्टील वेल्ड केलं की जोडाच्या बाजूची जागा काचेवानी ठिसूळ होते, ते कधी सुटंल सांगता येत नाही, अन् सुटलं की ॲक्सल जागेवर राहत नाही.

त्यानंतर ड्रॉप आर्म बघितला. मधोमध कापून आखूड करून वेल्ड केलेला, वर काळा रंग. हा स्टेअरिंगचा आर्म आहे हो! टाय रॉड एन्डच्या खाचेच्या नटांना, नट सुटू नये म्हणून घालतात त्या स्प्लिट पिनासुद्धा नव्हत्या.

पैसे परत मागितले तर गोड आवाज गायब. म्हणतो, "कर तक्रार, तुझीच गाडी मॉडिफाय आहे, आरटीओवाले पहिले तुलाच उचलतील." या लोकांचा सगळा धंदाच या भीतीवर चालतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ खरंय, आरसीवर लिहिलेलं बदलेल असा बदल करता येत नाही अन् जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच म्हणलंय. पण जुन्याला रंग देऊन नवीन म्हणून विकलं, ते प्रकरण वेगळं आहे, त्याच्याशी कलम ५२ चा काय संबंध? मी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली. त्याने दिलेल्या बिलावरचा जीएसटी नंबर मोजला तर १४ च अक्षरं, असतात १५, महाराष्ट्राचा २७ पासून सुरू होतो. पोर्टलवर टाकला की मिनिटात कळतं. हेल्पलाइनवरून विचारणा गेल्यावर गड्याने १५ हजार परत टाकले. बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात जायलोय, २०१९ च्या ग्राहक कायद्याने आपण राहतो तिथंच केस टाकता येते अन् ५ लाखापर्यंतच्या खरेदीला फी नाही.

गाडीचं म्हणाल तर पॉवर स्टेअरिंगचा नाद सोडला. मूळच्या बेल क्रँकची (स्टेअरिंगचा जोर चाकांकडे वळवणाऱ्या तुकड्याची) पिन अन् बुश नवीन टाकले, नकलच्या (चाक वळतं त्या सांध्याच्या) शिम म्हणजे पातळ चकत्या बघून घेतल्या, अर्धा खेळ तिथंच गेला. पाटे मूळ मापाचे, पावणेदोन इंच रुंदीचे, समोर उभं राहून बनवून घेतले, तेलात विझवून परत तापवलेले, साधा शॅकल. ८० ला सरळ जाते.

तो माणूस आता दुसऱ्या नावाने तोच लाल सेट दाखवायलाय. माझ्या मेहुण्याने गिऱ्हाईक बनून त्याला मेसेज केला की मेन पाट्यावर खडूने माझं नाव लिहा, पाटा उलटा करा, गोलाजवळचा रंग खरवडा अन् व्हिडिओ पाठवा. त्याने मेहुण्याला ब्लॉकच केलं.