'अ‍ॅडल्ट सेल्फ-रिपोर्ट': जोडीने वापरली तरच उपयोगाची चाचणी

आक्रमकता, नियमभंग यांसारख्या वर्तनसमस्यांची झळ भोवतालच्यांना आधी लागते. ज्याचे वर्तन मोजायचे, त्याला मात्र त्यात काही वावगे वाटतेच असे नाही. मानसशास्त्रज्ञ थॉमस आखेनबाख आणि लेस्ली रेस्कोर्ला यांच्या प्रौढांसाठीच्या संचात म्हणूनच 'अ‍ॅडल्ट सेल्फ-रिपोर्ट'च्या जोडीला 'अ‍ॅडल्ट बिहेवियर चेकलिस्ट' आहे. पहिली प्रश्नावली व्यक्ती स्वतः भरते, दुसरी तिला जवळून ओळखणारे कोणीतरी, आणि संचाचे सारे मोल या जोडीत आहे, असे माझे मत आहे.

दोन्ही प्रश्नावल्या १८ ते ५९ या वयोगटासाठी असून गेल्या सहा महिन्यांतील वर्तनाविषयीच्या प्रत्येक विधानापुढे ० (लागू नाही), १ (काहीसे किंवा कधीकधी लागू) किंवा २ (पुरेपूर किंवा बऱ्याचदा लागू) यांपैकी एक आकडा निवडायचा असतो. 'खूप वाद घालतो' या विधानापुढे पतीने ० आणि पत्नीने २ लिहिले, तर त्या तफावतीला चाचणीचा दोष समजू नये. मुलाखतीत पहिला प्रश्न तिथेच विचारावा. अर्थात, पत्नीने २ ताज्या भांडणाच्या भरातही लिहिलेला असू शकतो. खोटी उत्तरे हेरणारी स्वतंत्र मापनश्रेणी येथे नसल्यामुळे न्यायालयीन प्रकरणांत केवळ स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

गुणांकन सुटसुटीत आहे. वय आणि लिंग यांनुसार तुलनेची मानके वेगळी असून, इतरांना जाचणाऱ्या वर्तनाचे गुण एकत्र करणाऱ्या बाह्यवर्तन-श्रेणीवर ६० ते ६३ टी-गुण (सरासरी ५० धरून काढलेले प्रमाणित गुण) सीमारेषेवरचे, तर ६४ आणि त्यापुढील चिकित्सेच्या दृष्टीने लक्षणीय मानले जातात.

माझा आक्षेप या श्रेणीच्या घडणीवर आहे. तिच्यात आक्रमकता आणि नियमभंग यांच्या बरोबरीने बढाई मारणे, अति बोलणे, मोठ्या आवाजात बोलणे, इतरांना चिडवणे अशा आगाऊ वर्तनाचेही गुण जोडले जातात, त्यामुळे केवळ बडबड्या असलेल्या माणसाचा आकडा विनाकारण फुगतो. अहवालात एकूण गुण देऊन थांबणाऱ्यांनी निदान तिन्ही उपश्रेणी वेगळ्या दाखवाव्यात, आणि मद्य व अमली पदार्थांविषयीचे प्रश्न स्वतंत्रपणे वाचावेत.

प्राथमिक मूल्यमापनासाठी मी ही जोडी निःसंकोच सुचवेन. उपचारांची प्रगती दर काही आठवड्यांनी तपासायची असेल, तर मात्र सहा महिन्यांच्या कालमर्यादेमुळे जुने वर्तन नव्या गुणांत मिसळते. त्या कामासाठी कमी कालावधीची दुसरी चाचणी घ्यावी.