चित्रकार एस. एच. रझांचं सेरिग्राफ (स्क्रीन प्रिंट) घेतलं, गॅलरीबद्दल थोडं सविस्तर (४/५)

ज्यांना भिंतीवर रझा हवाय पण मूळ कॅनव्हास आपल्या आवाक्यातला नाही (त्यांचं ‘सौराष्ट्र’ हे चित्र २०१० मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात १६ कोटींच्या वर गेलं होतं) त्यांनी रझांची सही असलेलं सेरिग्राफ नक्की बघावं. मी फोर्टमधल्या एका छोट्या गॅलरीतून घेतलं आणि तिथली माणसं मला मनापासून आवडली.

सगळ्यात भारी म्हणजे त्यांनी फ्रेम उघडून प्रिंट बाहेर काढून दिली. बाकी ठिकाणी काचेतूनच बघा म्हणतात, नाहीतर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात. इथे भिंग हातात दिलं आणि खिडकीपाशी तिरप्या उजेडात बघा म्हणाले. सेरिग्राफ म्हणजे स्क्रीन प्रिंट, एकेका रंगाला वेगळी जाळी, एक रंग वाळला की त्यावर दुसरा, त्यामुळे चित्रातल्या काळ्या बिंदूची कड कागदावर किंचित उचललेली दिसते आणि लाल रंग भिंगातून पण सलग लालच दिसतो. इंकजेटवर काढलेली असेल तर त्याच लालमध्ये बारीक रंगीत ठिपके दिसतात. हल्ली अशा जिक्ले प्रिंट्स पण लिमिटेड एडिशन म्हणून विकतात, विका की, पण आधी सांगा आणि भाव तसा लावा.

सही पेन्सिलीचीच आहे ना तेही बघून घ्या, प्रिंट तिरकी केली की शिसं चमकतं, छापलेली सही चमकत नाही. रझा २०१६ ला गेले, त्यामुळे त्यानंतर काढलेल्या प्रिंटवर त्यांच्या हातची सही असूच शकत नाही. नंबराचं (शंभरातली कितवी प्रत) म्हणाल तर ३/१०० भारी आणि ९७/१०० हलकी असं स्क्रीन प्रिंटमध्ये काही नसतं, ड्रायपॉइंटमध्ये (पत्र्यावर सुईने कोरून छापतात त्यात) असतं कारण तिथे पत्र्यावरची रेघ छापता छापता झिजते. पण एपी म्हणजे आर्टिस्ट प्रूफ या शंभराच्या बाहेरच्या असतात, त्या किती काढल्या ते विचाराच. आमच्या सर्टिफिकेटवर ते नव्हतं, छापलं कुठल्या स्टुडिओत तेही नव्हतं, नंतर सांगून लिहून घ्यावं लागलं. एक स्टार त्याचाच कापलाय.

रविवर्मा प्रेसच्या जुन्या ओलिओग्राफना (तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या छापील चित्रांना) असा नंबरच नसायचा, मळवलीला छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरात जाव्यात हाच हेतू होता, त्यामुळे त्यांचा हिशोब पूर्ण वेगळा, दोन्हीची तुलना करू नका.

फ्रेमिंग पण गॅलरीकडूनच करून घ्या असं मी म्हणेन. आमच्या भागातला एक फ्रेमवाला म्हणत होता हार्डबोर्डवर चिकटवून देतो म्हणजे पावसाळ्यात फुगणार नाही. अजिबात नको!! एकदा चिकटवली की प्रिंटची किंमत गेलीच. गॅलरीवाल्यांनी ॲसिड-फ्री माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घातला, वरच्या बाजूला फक्त दोन जपानी कागदाच्या पट्ट्या, गव्हाच्या खळीने लावलेल्या, म्हणजे उद्या काढायची झाली तर ओलसर करून निघते, आणि माउंटमुळे काच कागदाला टेकत नाही. मुंबईच्या दमट हवेत काच टेकली की आतून बुरशी धरतेच.

शनिवारी दुपारी गर्दी नसते, निवांत दाखवतात. ड्रॉवरमध्ये मुद्राचित्रकार ज्योती भट्ट यांच्या पण प्रिंट्स आहेत, बाहेर लावलेल्या नाहीत, मागितल्या तरच काढतात.