‘स्मोकिंग? नो’: 2,999 रुपयांचं घरपोच हेल्थ पॅकेज

दिवाळी झाल्यावर घरपोच ‘फुल बॉडी चेकअप’ करून घेतलं. एकीचे 2,999, दोघींचे मिळून 4,999. सासूबाई, वय 66, आणि मी. लॅबचं नाव लिहीत नाही. असली पॅकेजं विकणारे सोलापुरात आता गल्लोगल्ली झालेत आणि माझी तक्रार एकट्या त्यांच्यापुरती नाही.

आधी चांगलं सांगते. सातची वेळ दिली होती, पोरगा पावणेसातलाच दारात. अशोक चौकामागच्या आमच्या बोळात पाहुणेसुद्धा दोनदा फोन केल्याशिवाय पोचत नाहीत, यानं एकदाही केला नाही. सासूबाईंची शीर भल्याभल्यांना सापडत नाही, ती याला पहिल्या टोचण्यात मिळाली. साखरेची करड्या टोपणाची नळी वेगळी, सगळ्या नळ्यांवर नाव तिथल्या तिथं लिहिलं, बर्फाच्या डब्यात ठेवल्या. संध्याकाळी पाचला रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर. माझं हिमोग्लोबिन 9.8 निघालं, इतकं कमी, मला पत्ताच नव्हता. रक्तापुरते पैसे वसूल.

पण पॅकेज रक्ताचं नव्हतं. जाहिरातीत मोठ्या अक्षरात होतं ‘तुमचा धोका ओळखा’. आणि तिथंच सगळा घोळ आहे.

लग्नाआधी दोन वर्षं मी एका आरोग्य पाहणीत खेडोपाडी फॉर्म भरत फिरले आहे, म्हणून माझं लक्ष नको तिथं जातं. त्या दिवशी नेमकं नळाला पाणी आलेलं. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी म्हणजे काय पळापळ असते, हे सोलापूरकराला सांगायला नको. सासूबाई शेवटची कळशी ठेवून टेकल्या न टेकल्या तोच यानं पोलक्याच्या बाहीवरून पट्टा गुंडाळला. हात लोंबकळता, वर तोंडानं प्रश्न चालूच. 150/90. पाच मिनिटं पाठ टेकून बसवायचं, उघड्या दंडाला पट्टा, हात छातीच्या उंचीला, बोलायचं नाही, मग मिनिटभरानं परत एकदा. एवढंच तर असतं. संध्याकाळी शेजारच्या मशीनवर मी तसं घेतलं, 134/78 आलं.

नंतर बोळातल्या सहा जणींचे रिपोर्ट मागून बघितले. बीपीचे बारा आकडे आणि बाराच्या बारा शून्यावर संपणारे! काट्याच्या मशीनवर दोन-दोनच्या खुणा असतात, म्हणजे शेवटी शून्य यायची पाळी पाचात एकदा. आमचे सुपरवायझर गठ्ठा हातात घेऊन फक्त शेवटचा आकडा चाळायचे आणि कुणी अंदाजपंचे लिहिलंय ते ओळखायचे. फॉर्म परत, गाव परत.

मग टॅबवरची प्रश्नावली.
“आजी, स्मोकिंग करता?”
“म्हंजे?”
“विडी-सिगारेट ओढता का?”
“वळली बाबा चाळीस वर्षं. वडली न्हाई कधी.”
त्यानं ‘नो’ दाबलं आणि पुढं गेला. मी म्हटलं, दादा, या सकाळ-संध्याकाळ मिश्री लावतात, ते लिहा. त्यानं टॅब खालीवर सरकवला. “मॅडम, ऑप्शनच नाहीये.” मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच की! आणि जन्मभर तंबाखूचं सूप मांडीवर घेऊन बसलेली बाई त्यांच्या कागदावर ‘तंबाखूचा संबंध नाही’ अशी उतरली, तीही विडी कामगारांच्या सोलापुरात. मिठाचंही तेच. वरून मीठ घेता का, नाही. शेंगाचटणी आणि पापडाचं कोण विचारणार? वाइनचे किती ग्लास, हे मात्र विचारलं.

एवढ्या भांडवलावर 38 पानी रंगीत रिपोर्ट. ‘पुढच्या 10 वर्षांत हृदयविकाराचा धोका 12 टक्के’, पिवळ्या पट्टीत. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात फ्रॅमिंगहॅम. हे अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्समधलं गाव. 1948 पासून तिथल्या 5,209 बायका-पुरुषांना दर दोन वर्षांनी तपासत गेले आणि बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांचा हृदयाशी हिशोब लागला. काम थोरच आहे. पण 12 टक्के म्हणजे ‘अशा’ शंभरांतल्या बारांना, आणि तिथले ‘असे’ बहुतेक गोरे लोक होते, मिश्री लावणारे नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये जगाचे 21 भाग पाडून वेगवेगळे तक्ते दिलेत. त्यातला दक्षिण आशियाचा घ्यायला काय हरकत होती? माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 24.6, त्यावर हिरवी टिक. आपल्याकडे 23 च्या पुढं जास्त वजन धरतात.

सगळ्यात राग आला तो ‘महिला कॅन्सर प्रोफाइल’चा. आत काय, तर सीए-125, अंडाशयाच्या कॅन्सरसाठी बघतात तो रक्तातला आकडा. हा आकडा पाळीत वाढतो, गर्भाशयात गाठी असल्या तरी वाढतो. माझा थोडा वर आला आणि दोन रात्री झोप गेली. अरे, शेजारी बार्शीला 1987 पासून खेड्यांतल्या कॅन्सरची नोंदवही चालू आहे, ग्रामीण भागातली देशातली पहिली. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात सुमारे 1 लाख 31 हजार बायकांवर अभ्यास झाला. गावांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिले आणि वर्षानुवर्षं माग ठेवला. एकदाच एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची तपासणी झालेल्या गटात त्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हे 2009 साली छापून आलंय. ती तपासणी या पॅकेजमध्ये नाही.

पाचात दोन तारे, दोन्ही त्या पोराच्या सुईला. घ्यायचंच तर नुसतं रक्ताचं घ्या, स्वस्त पडतं. सासूबाईंना मी पुढच्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “मिश्री किती वर्षं?” आणि टॉर्च लावून गालाच्या आतून, जिभेखालून बघितलं. तीन मिनिटं लागली.