घोड्याला तिसरा कान: जुना फोटो दुरुस्त करून घेण्याचा अनुभव

कोल्हापुरातल्या जुन्या घरात भिंतीवर दोन फोटो ठरलेले. एक अंबाबाईचा, एक शाहू महाराजांचा. आमच्या माहेरी महाराजांचा फोटो होता तो बाजारातला नव्हे, खरा. साधारण बारा इंच रुंद, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला ग्रुप फोटो. मधोमध खुर्चीत महाराज, दोन्ही बाजूंना त्यांचे दोन मुलगे, मागे फेटेवाली मंडळी ओळीनं उभी. आणि अगदी उजव्या टोकाला, घोड्याचा लगाम धरून, एक काटकुळा माणूस. पागेतला मोतद्दार, म्हणजे घोडे राखणारा. तो माझा पणजोबा. याला पुरावा काय म्हणाल, तर माझे वडील, आण्णा, तसं सांगायचे.

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला शिरलं, तेव्हा आम्ही गॅस सिलिंडर वाचवला, फ्रिज उचलून टेबलावर ठेवला आणि फोटो विसरलो. चौथ्या दिवशी परत आलो तेव्हा फ्रेमची खालची उजवी बाजू भिजून फुगली होती. म्हणजे नेमका पणजोबा. ओला फोटो आतून काचेला चिकटून तसाच वाळला. आईनं फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर टाकली आणि पाच वर्षं कुणी तिच्याकडं बघितलं नाही. (आम्ही कोल्हापूरच्या बायका बोलताना ‘मी गेलो, मी बघितलो’ असंच म्हणतो. इथं लिहिताना मात्र शाळेतल्या बाई डोळ्यांपुढं येतात, म्हणून ‘गेले, बघितले’.)

आण्णा गेल्यावर कपाट आवरलं आणि फोटो माझ्या वाटणीला आला. मग सुरू झाली दुकानं.

पहिलं दुकान चकाचक. एसी, काचेचं दार, बाहेर ‘एआय फोटो रिस्टोरेशन, अर्ध्या तासात’ असा बोर्ड. काउंटरवरच्या मुलानं फ्रेम टेबलावर आडवी टाकली आणि मोबाईलनं फोटो काढला, वरच्या ट्यूबलाइटच्या पट्ट्यासकट. सहाशे रुपये. समोरच्या गाड्यावर चहा पिऊन येईपर्यंत प्रिंट तयार. रंगीत! सगळ्यांचे फेटे केशरी, गवत हिरवंगार, महाराजांचे गाल गुलाबी. ज्या माणसानं 1912 मध्ये खासबागेचं कुस्ती मैदान बांधून घेतलं, ज्याच्या धिप्पाड अंगाच्या गोष्टी आमच्याकडं अजून सांगतात, त्याचा जिमला जाणारा पोरगा करून टाकलेला. चेहरा मालिकेतल्या नटासारखा गुळगुळीत. घोड्याला तीन कान.

मी म्हटलं, “अरे, हे शाहू महाराज दिसतात का?” त्यानं गुपचूप दुसऱ्यांदा काढून दिला. यावेळी महाराज बरे आले, कान तीनच राहिले.

मी भांडले नाही, कारण मला त्याच वेळी एक गोष्ट खटकली. महाराजांचा चेहरा बिघडला हे मला सेकंदात कळलं. लहानपणापासून शाळेत, दसरा चौकात, नोटिशीवर, कॅलेंडरवर तो चेहरा बघतोय. पणजोबांचा? त्यांचा अर्धा गाल पुराच्या पाण्यानं पुसून गेलेला, आणि त्या मशीननं तिथं छानसा गाल बसवला होता, मिशीला पीळसुद्धा दिला होता. तो चुकला की बरोबर आला, हे कोण सांगणार? त्यांचा दुसरा फोटोच नाही. राजघराण्यातल्या माणसाची चूक शंभर फोटोंशी ताडून सुधारता येते. लगाम धरणाऱ्याचा हा एकच फोटो, आणि मी तो अर्ध्या तासात कुणा दुसऱ्याच माणसाचा करून घेणार होते.

दुसरं दुकान एका मैत्रिणीनं सांगितलं. महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत, एका लाकडी जिन्यावरून वर. नाव लिहीत नाही, कारण काकांनीच हात जोडले. “ताई, जाहिरात नको. आधीच तीन महिन्यांचं काम साठलंय.” बोर्डपण नाही. सत्तरीचे असतील. आयुष्यभर लग्नाचे फोटो काढले आणि आता फक्त जुन्यांची दुरुस्ती करतात.

पहिलं वाक्य त्यांनी बोललं ते असं: “काच काढायची न्हाई.” मी म्हटलं, हळू काढली तर? “हळू काढली तरी पणजोबा काचेवर येणार, नि खाली नुसता पुठ्ठा राहणार.” मग समजावून सांगितलं. फार जुने फोटो अंड्यातल्या पांढऱ्याच्या थराचे असत, पिवळट तपकिरी दिसत. हा त्यानंतरच्या काळातला, जिलेटिनच्या थराचा. कडेला फोटो तिरका धरला की निळसर चांदीसारखी झाक मारते ना, ती त्याची खूण. थरातली चांदीच वर येते. आणि जिलेटिन पाणी पितं, फुगतं, चिकट होतं, म्हणूनच काचेला धरलं. आता ती काच हाच त्या फोटोचा आधार.

त्यांनी केलं काय, तर मागचे खिळे उपसून फक्त पाठीमागची फळी काढली. फ्रेम एका स्टँडखाली सपाट ठेवली, वर कॅमेरा, दोन बाजूंनी दोन दिवे. दिव्यांवर एक काळसर फिल्म, लेन्सवर फिल्टर. फिल्टर फिरवत एका जागी आणला आणि काचेवरची चमक विझली, ती चांदीची झाकसुद्धा. पडद्यावर बघितलं तर मागच्या रांगेतल्या एका माणसाच्या अंगरख्याचे बंद दिसत होते. पन्नास वर्षं त्या फोटोखाली जेवले, ते बंद कधी दिसले नव्हते.

घोड्याचं कोडंही तिथंच सुटलं. मूळ फोटोत कान अंधुक आहेत, कारण तेव्हा कॅमेऱ्यापुढं थोडा वेळ स्तब्ध राहावं लागे. माणसं श्वास धरून उभी राहिली. घोड्याला कोण सांगणार? त्यानं कान हलवला. त्या अंधुक पट्ट्याचा मशीननं तिसरा कान केला होता.

फळी काढल्यावर पुठ्ठ्याच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेल्या दोन ओळी निघाल्या. जुन्या मोडी लिपीत. पहिल्या दुकानात फ्रेम उघडलीच नव्हती, म्हणजे त्या तशाच राहिल्या असत्या. काकांनी पाठीचाही वेगळा फोटो काढला, वरचे पैसे न घेता. मोडी वाचणाऱ्या ओळखीच्या एका बाईंना तो दाखवला. पहिली ओळ ‘पागेकडील मंडळी’ एवढी लागली, दुसरी ओलीनं गेलीय. नाव नाही, साल नाही. पण पागेकडील मंडळी! म्हणजे आण्णा थापा मारत नव्हते.

सालाचा अंदाज काकांनी मुलांवरून बांधला. थोरले राजाराम महाराज 1897 चे, धाकटे शिवाजी महाराज 1899 चे. फोटोत धाकटे दहाएक वर्षांचे वाटतात, म्हणजे 1909 च्या आगेमागे. हे बोलताना काका जरा थांबले. हे धाकटे 1918 मध्ये रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेले, एकोणिसाव्या वर्षी. मागं राहिल्या लहानग्या विधवा इंदुमतीदेवी, ज्यांना महाराजांनी सोनतळीच्या बंगल्यावर ठेवून शिकवलं. फोटोत ते पोर महाराजांच्या खुर्चीच्या हाताला रेलून उभं आहे, आणि त्याच्यामागं चार पावलांवर घोडा.

कपड्यांवरून काही कळतंय का बघायला काकांनी मला न्यू पॅलेसला, राजवाड्यातल्या संग्रहालयात धाडलं. शाळेच्या सहलीनंतर पहिल्यांदाच गेले. 1884 मध्ये पुरी झालेली ती काळ्या दगडाची इमारत, मेजर मँटच्या आराखड्याची. बडोद्याच्या लक्ष्मीविलासचा मूळ आराखडाही त्याचाच. सगळे लोक पेंढा भरलेल्या वाघांपुढं गर्दी करतात. मी शिकारीच्या आणि जनावरांच्या फोटोंपुढं दीड तास होते, आणि बघत होते फक्त कडेची माणसं: लगाम धरणारी, हत्तीच्या पायाशी बसलेली, चित्त्याच्या गाडीजवळची. आत फोटो काढता येत नाहीत, म्हणून वहीत पेन्सिलीनं पागोट्यांचे आकार काढत बसले. तिथल्या रखवालदाराला वाटलं चित्रकलेच्या बाई आहेत. आमच्या पणजोबांसारखं कानावर घट्ट बसवलेलं पागोटं दोन फोटोंत सापडलं, दोन्हीकडं घोड्याजवळच्या माणसाच्या डोक्यावर. पुरावा नव्हे, पण मला पुरलं.

आता तक्रारी. तीन आठवडे सांगून काकांनी अकरा आठवडे लावले. फोन उचलत नाहीत. उचलला तर “चालू हाय” एवढंच. पैसे रोख, यूपीआय नाही. जिना इतका उभा की माझ्या आईला नेता आलं नाही. पेन ड्राइव्ह आपला न्यावा लागतो. आणि बोलणी खावी लागतात: फ्रेमला सेलोटेप लावली म्हणून, फोटो बाहेरच्या ओलीच्या भिंतीवर टांगला म्हणून, आधी मागच्या पुठ्ठ्यावर नावं लिहून का ठेवली नाहीत म्हणून. (मऊ पेन्सिलीनं लिहायची, बॉलपेननं नाही. ऐकून घेतलं.)

एकूण झाले दोन हजार दोनशे. त्यात दोन फायली. एक जसा आहे तसा, डागांसकट, 270 एमबीची. दुसरी साफ केलेली: बुरशीचे ठिपके, ओरखडे, पाण्याची रेघ काढलेली, पण रंग नाही आणि नवीन काही घातलेलं नाही. शिवाय एक प्रिंट. तिच्या भोवती पुठ्ठ्याची चौकट, म्हणजे पुन्हा काच फोटोला टेकायला नको. मूळ फ्रेम काचेसकट सुती कापडात बांधून परत दिली आणि आडवी ठेवायला सांगितली.

पणजोबांच्या गालाशी आले तेव्हा काकांनी मला बोलावून घेतलं होतं. “हितं काय न्हाई. भरू का?” भरता येतं त्यांना, दुसऱ्या गालावरून. पडद्यावर करूनही दाखवलं, आणि खोटं सांगत नाही, फार चांगलं दिसत होतं. अगदी आण्णांसारखं. मी पाच मिनिटं बघत बसले. मग म्हटलं, राहू दे. त्यांनी तो भाग साधा करडा ठेवला. दोन डोळे, नाक, अर्धी मिशी, उजवा गाल, आणि उरलेल्या जागी भिंतीसारखा सपाट करडा रंग. लगामाची मूठ मात्र पूर्ण आलीय, नखांसकट.

महाराज आणि मुलगे सुंदर आलेत, पण ते कुणाकडंही सुंदर आले असते. ज्यांच्याकडं फोटोची दुसरी प्रत कुठंच नाही, त्यांनी घाई न करता असा माणूस शोधावा. लग्नाच्या वाढदिवसाला आईबापांचा फोटो रंगीत करून भेट द्यायचाय, तर पहिलं दुकान चालेल. तिथं एसी आहे.

प्रिंटच्या सहा प्रती काढून चुलतभावंडांना वाटल्या. पुण्याच्या भावाचा लगेच मेसेज आला, छान आहे, पण आक्का, चेहरा पूर्ण करून देत नाहीत का ते? हल्ली अर्ध्या तासात होतं म्हणे. मी त्याला सहाशे रुपयांची ती रंगीत प्रिंट पाठवली आणि लिहिलं, घोड्याचे कान मोज.